शंभर मीटरच्या आत

कसबा पेठेतल्या एखाद्या बोळाच्या तोंडाशी उभे राहून वर पाहिले, की जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला काढलेली अरुंद गॅलरी दिसते आणि तिचा कठडा पुष्कळदा ओतीव लोखंडाचा असतो. त्यावरची वेलबुट्टी हातभर अंतराने पुन्हा पुन्हा तीच येते, मधले फूल आणि त्याच्या दोन्ही अंगांची वळलेली पाने यांत कुठेही फरक पडत नाही, कारण ती साच्यातून निघालेली असते. वर्षानुवर्षे चढत गेलेल्या तैलरंगाच्या थरांनी पानांच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि जिथे रंगाचा पोपडा उडाला आहे तिथे हिरव्याखाली निळा, निळ्याखाली तांबडा असे मागच्या पिढ्यांचे रंग उघडे पडतात. या कठड्याच्या आत दीड-दोन हातांवर उभा असलेला खांब मात्र सागवानी असतो. सुरूच्या झाडाप्रमाणे तो वर निमुळता होत जातो, म्हणून त्याला सुरूदार खांब म्हणतात. त्याच्या माथ्याशी केळफुलाची नक्षी कोरलेली असते, आणि ती हाताची असल्यामुळे एका खांबावरचे केळफूल थोडे बसके तर शेजारचे थोडे उभट होऊन गेलेले असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे दोन्ही मिळून एकच जुना वाडा वाटतो.

राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली. या मधल्या काळात इंग्लंडच्या शहरांत विटांच्या दर्शनी भिंतींची, पुढे आलेल्या खिडक्यांची, उंच धुराड्यांची आणि नोकरांसाठी तळघर राखलेली जी घरे रांगांनी उठली, त्यांना तिच्या नावाने ओळखले जाते. पुण्यात तो काळ शहराबाहेरच उतरला. लष्कर भागात बंगले आले, गणेशखिंडीत गव्हर्नराच्या प्रासादाचे काम १८६०च्या दशकात सुरू झाले, आणि आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखली जाणारी ती उंच मनोऱ्याची वास्तू उभी राहिली. कसब्यात ती राजवट घराच्या रूपाने आलीच नाही, असे म्हटले तरी चालेल. इथे ती सुट्या जिनसांनी आली: कठडा, रंगीत काचेची अर्धगोल झडप, छपराच्या कडेला लावलेली कातीव लाकडी झालर, भिंतीवरचे लोलकाचे घड्याळ. वाड्याच्या मूळ मांडणीला हात न लावता तिच्या अंगाखांद्यावर हे सगळे चढले.

ही मांडणी थोडी समजून घ्यावी लागते. वाडा म्हणजे आकाशाला उघड्या चौकाभोवती बांधलेले घर. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा, आणि त्या सांगाड्यात भरलेल्या मातीच्या गिलाव्यातल्या विटांच्या जाड भिंती. घराचा भार सांगाडा घेतो. घराचे माप खणांत सांगतात, दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे एक खण, त्यामुळे दोन खणी खोली किंवा पाच खणी सोपा म्हटले, की जुन्या माणसाला लांबी-रुंदी वेगळी सांगावी लागत नाही. दिंडी दरवाज्यातून ओसरी, ओसरीवरून सोपा, मग माजघर, त्याच्या आत देवघर आणि स्वयंपाकघर, आणि शेवटी परस, असा बाहेरून आत जाणारा क्रम असतो. जो जितका जवळचा तो तितका आत येऊ शकतो. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ, त्यामुळे इथे हा क्रम सरदारांच्या दोन-तीन चौकी वाड्यांत जसा दिसतो तसाच, अंगाने आखडलेला, कासारांच्या आणि कुंभारांच्या लहान घरांतही सापडतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळाने हा क्रम मोडला नाही, पण त्यातल्या वस्तू बदलल्या. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि त्याचे पाणी नळाने शहरात येऊ लागले, तेव्हा कात्रजच्या तलावातून भुयारी नळांनी येणाऱ्या पेशवाईतल्या पाण्यावर आणि वाड्यातल्या हौदांवर चालणारे घरातले वेळापत्रक हळूहळू सैल झाले. रेल्वेने शहाबादी फरशी आली आणि शेणाने सारवलेल्या ओसऱ्या तिने झाकल्या. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यावर ती चपटी, खाचेत खाच बसणारी कौले देशावरच्या छपरांवरही चढली. सोप्याच्या भिंतीवर चित्रे लागली, आणि ती लावण्यासाठी विलायतेकडे पाहण्याचीही गरज उरली नाही, कारण विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यातच चित्रशाळा छापखाना काढला होता आणि देवादिकांची व पेशव्यांची शिळाछापाची रंगीत चित्रे तिथून घरोघर जात होती. तांबट आळी तर याच पेठेतली. तिथे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन त्याला कणखर व चकचकीत करण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात, आणि त्याच कामातून घंगाळांच्या जोडीने पाण्याचे बंबही घडू लागले. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि बाजूला पितळी तोटी असलेला बंब हे यंत्रयुगाचे उपकरण कसब्याच्या न्हाणीघरात पोचले ते मठारकामाच्या खळग्यांसह, त्यामुळे ते परके आहे असे कुणाला वाटले नाही.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर या घरांच्या धन्यांचे काय झाले, हा प्रश्नही त्या वस्तूंशी जोडलेला आहे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दख्खनच्या सरदारांना मानमरातबासह राखले, त्यांच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाच्या याद्या झाल्या, पण चाकरी गेली आणि घरे मात्र उरली. काही घराण्यांनी ती घरे दुसऱ्याच कामी लावली. शनिवारवाड्याजवळचा सरदार मुजुमदारांचा अठराव्या शतकातला वाडा याचे चांगले उदाहरण आहे. मुजुमदार म्हणजे मुळात राज्याच्या हिशेबांची तपासणी करणारा अधिकारी, पण या वाड्याची विसाव्या शतकातली ओळख आबासाहेब मुजुमदारांच्या (१८८६–१९७३) संग्रहाने आणि गाण्याच्या बैठकींनी घडली. ज्या दिवाणखान्यात हिशेब वाचले गेले असतील तिथे वाद्ये व हस्तलिखिते गोळा झाली. सगळ्याच घराण्यांना हे जमले नाही. बहुतेकांनी माडी भाड्याने दिली, मग दुसरा चौक, मग सोप्याला फळ्यांची आडभिंत घालून केलेल्या दोन खोल्या. कारकून, शिक्षक, विद्यार्थी आणि विधवा आल्या, आणि वाड्याचे रूपांतर एका चौकाभोवतीच्या लहानशा वस्तीत झाले. कसब्यातल्या वाड्यांविषयीच्या आठवणींमध्ये जो गोकुळाचा सूर असतो तो खरे पाहता या भाडेकरूंच्या काळाचा आहे, सरदारांच्या काळाचा नाही, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

या आतबाहेरच्या क्रमाला राणीच्या राज्याने एकदाच थेट हात घातला. १८९६ च्या अखेरीस मुंबईहून प्लेग पुण्यात आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड या प्लेग अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या मार्चपासून पेठांमधून घरझडती घेऊ लागल्या. रोगी लपवला जातो म्हणून ओसरीपर्यंत येऊन भागेना. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, सगळे उघडून पाहायचे होते. ज्या घरात शेजाऱ्यालाही सोप्यापुढे येताना खाकरावे लागे तिथे बूट घातलेली माणसे शेवटच्या खोलीपर्यंत गेली. सामान बाहेर काढून जाळले गेले, जमीन उकरली गेली, भिंतींना चुना फासला गेला. आरोग्याच्या दृष्टीने त्यातले किती अपरिहार्य होते याची चर्चा वेगळी, आणि झडतीच्या मागे खरोखरच माणसे मरत होती हेही विसरता येत नाही. पण वाडा ही गोष्ट ज्यांनी बांधली त्यांच्या लेखी जी हद्द होती, ती एका वसंत ऋतूत ओलांडली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला आणि पेठांच्या बोळांना पत्रे व बांबू लागले, तेव्हा कसब्यातल्या जुन्या भिंतींना ही कलमे अगदीच नवी नव्हती.

त्याच साथीने सावित्रीबाई फुल्यांनाही नेले. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. राणीच्या काळातले, मान्यता पावलेले आणि जतन केलेले घर पुण्यात पाहायचे, तर कसब्यातून दक्षिणेला गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत जावे लागते. फुले वाडा हे आज राज्य संरक्षित स्मारक आहे. ते घर सरदाराचे नाही. कौलारू, बसके, चौकाभोवती मोजक्या खोल्यांचे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी जोतीरावांनी १८६८ मध्ये खुला केलेला पाण्याचा हौद याच घराचा, १८९० च्या २८ नोव्हेंबरला त्यांचा शेवट झाला तो इथेच, आणि त्यांच्या अस्थींवरचे वृंदावनही याच आवारात आहे. वाड्याच्या मांडणीतला आत-बाहेरचा जो क्रम सगळ्या शहराने गृहीत धरला होता, तो या घरातल्या माणसांनी पाणवठ्यापासूनच उलटा केला, आणि शासनाने जपले ते हे उलटे घर. आता तिथे चूल पेटत नाही, भाडेकरू नाहीत, चौकात वाळवण नाही. शाळांच्या सहली येतात आणि नोव्हेंबरात हार वाहिले जातात. जपले जाण्याची ही किंमत असते.

ही किंमत विलायतेतही तशीच मोजली गेली आहे. लंडनच्या केन्सिंग्टन भागातले १८, स्टॅफर्ड टेरेस हे घर ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न याने १८७५ मध्ये घेतले आणि त्या काळच्या आवडीप्रमाणे भिंतभर कागद, निळी चिनी भांडी, चित्रे आणि रंगीत काचा यांनी गच्च भरले. पुढच्या पिढ्यांनी त्यात फार बदल केले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिक्टोरियन घरे म्हणजे धूळ खाणारी अडगळ असे इंग्रजांनाच वाटत होते, ती धडाधड पाडली जात होती, तेव्हा या एका घराच्या दिवाणखान्यात जमलेल्या काही मंडळींनी १९५८ मध्ये व्हिक्टोरियन सोसायटी नावाची संस्था उभी केली. त्या संस्थेला यश-अपयश दोन्ही आले. लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य दगडी कमान १९६१ मध्ये त्यांच्या विरोधाला न जुमानता पाडायला घेतली गेली. स्टॅफर्ड टेरेस मात्र राहिले आणि आज ते संग्रहालय आहे, तिकीट काढून पाहता येते. व्यंगचित्रकाराच्या खुर्चीपुढे दोरी लावलेली असणे हा सुद्धा एक विनोदच, पण तो त्याने काढलेला नाही.

१९६१ या सालाला पुण्यात दुसरा अर्थ आहे. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांध त्या लोंढ्यापुढे टिकला नाही, आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या गिलाव्याच्या भिंती भिजल्या की विरघळतात. सागवानी सांगाडे काही ठिकाणी नुसतेच उभे राहिले आणि भिंती मधून निघून गेल्या. कसब्याच्या नदीकडच्या उतारावरची कितीतरी घरे तेव्हा गेली. जी राहिली त्यांना एका वेगळ्याच कायद्याने धरून ठेवले होते. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली, पुढे १९९९ चा कायदा आला, पण जुन्या भाडेकरूंचे भाडे चहाच्या खर्चाइतकेच राहिले. मालकाला त्या भाड्यात कौले शाकारणेही परवडेना, भाडेकरूला हक्क सोडणे परवडेना, आणि दोघांच्या या कोंडीत वाडा शिल्लक राहिला. पुण्यातले अनेक वाडे वारशाविषयीच्या प्रेमाने वाचले असे म्हणण्यापेक्षा कज्ज्याने वाचले, हे अधिक प्रामाणिक आहे. त्याची दुसरी बाजूही आहे: बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तोही वर्षानुवर्षे खटल्यात अडकून खचत गेला, आणि सर्वोच्च न्यायालयात निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा करण्याकरता तो पाडावा लागला. कज्जा घर उभे ठेवतो, पण दुरुस्त करत नाही.

कसब्याच्या बाबतीत या सगळ्यावर आणखी एक थर आहे. पेठेला लागून असलेल्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतले सात मजली वैभव जळाले, आणि राणीच्या संपूर्ण काळात त्याची मुख्यतः तटबंदीच उरली होती. त्याच्यासमोरच्या पटांगणात भाजीबाजार भरे, तोही १८८६ च्या सुमारास नव्या बांधलेल्या रे मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या मंडईत हलला. लॉर्ड कर्झनच्या पुढाकाराने १९०४ मध्ये प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा आला आणि त्याखाली १९१९ मध्ये हा वाडा संरक्षित झाला. पुढच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली, तिने प्रत्येक केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित ठरवला. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती करता येते, तीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. ज्या पटाच्या मध्यभागी एकही माणूस राहत नाही त्या पटाभोवतालच्या माणसांच्या घरांचे भवितव्य त्यामुळे ठरते. पट्ट्याबाहेर वाडे पडून पाच-सहा मजली इमारती झाल्या, पट्ट्याच्या आत वाडे टेकू देऊन उभे राहिले, आणि दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या नोटिसा येत राहिल्या. सवलत मिळावी म्हणून रहिवाशांची मागणी जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. शनिवारवाड्याच्या तटावरून भोवताली काय दिसावे याचा विचार ज्या काळजीने होतो, त्या काळजीने त्या भोवतालात राहणाऱ्याला रात्री वरून माती पडते का याचा विचार झालेला नाही.

नियम कागदावर सरळ असला तरी कसब्याची जमीन सरळ नाही. इथे दोन घरांना एकच भिंत असते, एका वाड्याचा परस दुसऱ्याच्या ओसरीत उघडतो, बोळ घराच्या माडीखालून जातो. शंभर मीटरची रेषा नकाशावर आखली, की ती एखाद्या चौकाच्या मधून जाऊ शकते, म्हणजे पुढचा सोपा नियमाच्या आत आणि स्वयंपाकघर बाहेर. शिवाय दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हेही सोपे नाही. तुळई कुजली तर त्याच जाडीचा साग आणायला पैसे नाहीत, म्हणून लोखंडी चॅनेल येतो. मातीचा गिलावा गळतो म्हणून सिमेंट येते आणि सिमेंटने बांधलेल्या भिंतीतून ओल बाहेर जायला वाट न राहिल्यामुळे आतले लाकूड लवकर कुजते. कौले काढून पत्रा येतो, खिडकीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसतात, मोरीला पांढरी टाइल लागते. तज्ज्ञाला हे सगळे विद्रूप वाटते, आणि वाटायलाही हवे. पण १८८० च्या सुमारास एखाद्या सावकाराने सागवानी खांबांपुढे विलायती ओतीव जाळी बसवली तेव्हा पेठेतल्या जाणत्या सुतारालाही ती अशीच विद्रूप वाटली असेल. १९५८ च्या कायद्याप्रमाणे प्राचीन ठरायला शंभर वर्षे लागतात, म्हणजे तारखेच्या हिशेबाने त्या सावकाराची जाळी आता केव्हाच पात्र आहे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला अजून सत्तर-ऐंशी वर्षे थांबावे लागेल, आणि तोपर्यंत वाडा उभा असला तर तिच्याकडे कुणी कसे पाहील, हे तिच्यामागे आज राहणाऱ्या भाडेकरूच्या किंवा मालकाच्या डोक्यात नाही. त्याला दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज भरायचा आहे, आणि त्यात घर कधी बांधले याचे वर्ष लिहिण्याच्या रकान्यात, मिळकतपत्रिकेवर नाही, घरपट्टीवर नाही, आजोबांनाही सांगता आले नव्हते असे काहीतरी लिहावे लागणार आहे.